लिटल आणि अ लिटल

बाबाला खाटेवर घालून उमरेडच्या स्टेशनावर नेलं तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. दिवाळी होऊन गेली होती. चौघांनी खाट उचलली होती. खाटेवरचा माणूस जिवंत होता, तरी रस्त्यातल्या बायकांनी पदर तोंडाला लावले. बाबाला ते दिसलं. तो पडल्या पडल्या म्हणाला, ‘मेलो नाही वं मी अजून. नागपुरले चाललो.’ सगळे हसले. हसता हसता काहीजणी रडल्याही.

छोट्या लाइनीची गाडी आली. डब्यात बाकावर बाबाला आडवं केलं. मायने सोबत भाकरीचं गाठोडं घेतलं होतं, दोन लुगडी आणि एक तांब्या. शेजारच्या सखूकाकूला ती खिडकीतून सांगत होती, ‘चार-आठ दिवसांत येतो. तुळशीले पाणी घालजो.’ मी तेव्हा तेरा-चौदा वर्षांची. घरी एकटी ठेवता येत नाही म्हणून मला घेतलं होतं. नागपूरची इतवारी, तिथला बाजार पाहायला मिळणार याचा आनंद मला लपवता येत नव्हता, आणि मायने एकदा डोळे वटारले तेव्हा मी तोंड फिरवून बाहेर बघत बसले.

उमरेडच्या माझ्या माणसांनो, गेल्या लग्नात तुमच्यापैकी कोणीतरी म्हणालं, ‘तुम्ही लोकांनी गाव सोडलं, शहराची हवा लागली तुम्हाले.’ मी तेव्हा काही बोलले नाही. पंक्तीत बसून बोलण्यासारखं ते नव्हतं. भाऊ आता राहिला नाही, म्हणून आता सांगते. आम्ही गाव सोडलं नव्हतं. आम्ही बाबाला दवाखान्यात घेऊन निघालो होतो आणि परत यायचं राहून गेलं. ते कसं राहून गेलं, ते तुमच्यासाठी लिहिते आहे, आणि आमच्यासारखेच जे विणकरांचा कोष्टीपुरा सोडून नागपूरला, भिलाईला, कुठे कुठे जाऊन पडले त्यांच्यासाठीही. त्यांना तरी कदाचित समजेल.

भाऊ म्हणजे माझा थोरला भाऊ, नारायण. माझ्यापेक्षा आठ-नऊ वर्षांनी मोठा. आमच्या गल्लीतला पहिला मॅट्रिक. मागावर बसणाऱ्या घरातला पोरगा इंग्रजी बोलतो, याचं लोकांना इतकं कौतुक होतं की कोर्टाचा कागद असो की औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, सगळं त्याच्याकडे यायचं. तो ओट्यावर बसून आधी इंग्रजीत मोठ्याने वाचायचा, मग मराठीत सांगायचा. इंग्रजी वाचलेलं कोणालाच कळत नसे, पण ते ऐकल्याशिवाय कोणी उठत नसे.

त्यातही त्याचा खरा जीव आर्टिकलवर. अ, ॲन आणि द. हायस्कुलात त्याचे इंग्रजीचे मास्तर एका चुकलेल्या ‘द’ला एक छडी मारायचे, असं तो सांगायचा आणि हात उलटे करून दाखवायचा, जणू वळ अजून तिथे आहेत. मॅट्रिकच्या आधी वर्षभर त्याला एकही छडी बसली नाही, हे तो त्यानंतर लगेच सांगायचा. मोठमोठ्या माणसांच्या इंग्रजीतली ‘द’ची चूक तो घरी येऊन सांगे आणि एकटाच हसे. आम्हाला हसायचं कशाला हे कळत नसे, पण बाबा त्याच्याबरोबर हसायचा. पोराला आनंद झाला एवढंच त्याला पुरेसं होतं.

मॅट्रिक होऊन भाऊ नागपूरला गेला आणि इतवारीत एका कापडाच्या ठोक व्यापाऱ्याकडे पत्रव्यवहाराला लागला. मुंबई-अहमदाबादच्या गिरण्यांना इंग्रजीत पत्रं लिहून माल मागवायचा. ज्या गिरणीच्या स्वस्त लुगड्यांनी बाबाच्या लुगड्यांचं गिऱ्हाईक पळवलं, त्याच लुगड्यांच्या गाठी माझा भाऊ मागवत होता. बाबा हे जाणून होता. त्याने कधी बोलून दाखवलं नाही. फक्त एकदा म्हणाला होता, ‘नारायण मागावर बसणार नाही, हे मले समजते. पण मी गेल्यावर तरी बसन का, ते समजत नाही.’

दवाखाना सरकारी होता, मोठा. लांबच लांब वॉर्ड, दोन्हीकडे लोखंडी खाटा. बाबाच्या पोटात पाणी भरत होतं. हातपाय काड्या झाले होते आणि पोट तेवढं वर आलेलं. मोठे डॉक्टर मद्रासकडचे होते. ते झपाझप चालत यायचे, मागे चार-पाच शिकाऊ पोरं. ते त्या पोरांशी इंग्रजीत बोलायचे. भाऊ दुकानातून वेळ काढून बरोबर त्या वेळेला येऊन उभा राहायचा, धुतलेला सदरा घालून.

भरती होऊन आठवडा झाला असेल. डॉक्टरांनी बाबाचं पोट दाबून पाहिलं, डोळे पाहिले, आणि भावाने इंग्रजीत काहीतरी विचारलं. डॉक्टर त्याच्याकडे बघून थांबले. त्याचं इंग्रजी ऐकून त्यांना जरा बरं वाटलं असावं. मग ते हळू म्हणाले, ‘देअर इज लिटल होप.’ आणि पुढच्या खाटेकडे गेले.

माय आणि मी पायथ्याशी उभ्या होतो. मायने विचारलं, ‘काय म्हणते गा?’

भाऊ बाबाकडे बघत म्हणाला, ‘थोडी आशा आहे म्हणते.’

मायने दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. मी भावाला म्हटलं, मला ते इंग्रजीत सांग, डॉक्टर म्हणाले तसंच. त्याने सांगितलं. मी पुन्हा म्हणायला लावलं. देअर इज लिटल होप. मला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, पण हे चार शब्द मी तोंडपाठ केले. माय वॉर्डात बसायची तेव्हा मी बाहेरच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून ते म्हणत राहायची, हळूहळू, एखादं स्तोत्र म्हणावं तसं. मराठीत ‘थोडी आशा’ म्हटलं की ती थोडीच वाटायची. इंग्रजीत ती मोठी वाटायची, डॉक्टरच्या तोंडची.

बाबाला मात्र घरी जायचं होतं. पहिल्या दिवसापासून जायचं होतं, पण त्या आठवड्यानंतर तो दुसरं काही बोलेनाच. ‘मले घरी न्या. मले इथं नाही मरायचं. माह्या घरी न्या मले.’ रोज, सकाळ-संध्याकाळ. शेजारच्या खाटांवरचे लोक कंटाळले. माय एकदा भावाला म्हणाली की एवढं म्हणतात तर नेऊ, तिकडे वैद्याचं करू. भाऊ चिडला. डॉक्टर आशा आहे म्हणत असताना दवाखान्यातून उचलून नेणं म्हणजे आपल्या हाताने मारणं, असं म्हणाला. मग माय स्वतःच बाबाची समजूत घालू लागली. ‘आशा आहे म्हणते डॉक्टर. बरे होऊन जाऊ ना. काहून असं करता?’ बाबा तिच्याकडे नुसता बघायचा. शेवटी शेवटी तो तिच्याशी बोलेनासा झाला. आपली बायको आपल्याला घरी नेत नाही, एवढंच त्याला समजलं होतं. तो त्याच खाटेवर गेला, दुपारी, आम्ही दोघी समोर असताना, भिंतीकडे तोंड करून.

नागपुरातच त्याला अग्नी दिला. उमरेडला न्यायची सोय होत नाही, असं भाऊ म्हणाला. चार-आठ दिवसांसाठी आलेल्या आम्ही दोघी इतवारीच्या मागच्या एका गल्लीत भावाच्या खोलीवर राहिलो. महिनाभराने तो एकटाच उमरेडला जाऊन आला आणि घर विकल्याचं त्याने सांगितलं. मागही घराबरोबर गेला. ‘आता तिकडे कोण आहे आपलं?’ असं म्हणाला. माय म्हणाली, ‘तूच पाह्य बाबा आता. तुले समजते.’ मला अजून तिचा तो आवाज आठवतो. शिकलेल्या लेकावर सगळं टाकून मोकळी झालेली बाई.

त्या गल्लीत सकाळपासून हातगाड्यांचा खडखडाट. वर तांब्या-पितळेची भांडी ठोकणाऱ्यांचा आवाज. उमरेडला मागाचा आवाज असायचा, पण तो आपल्या घरातून निघून बाहेर जायचा. इथला बाहेरून आत यायचा आणि आपल्याला विचारायचा नाही. माय दुसऱ्यांच्या कांड्या भरायला घरी आणू लागली. जी बाई आपल्या नवऱ्याच्या मागासाठी कांड्या भरायची, ती आता रहाट घेऊन खोलीच्या कोपऱ्यात अनोळखी माणसांसाठी सूत गुंडाळत बसायची.

भावाने मला शाळेत घातलं, हे त्याचं मी मान्य केलं पाहिजे. मुलींची शाळा, नागपुरातल्या महाल भागातली. तिथे मी ‘मले’ म्हटलं की वर्गात खुसखुस व्हायची. महालातल्या मुली ‘मला’ म्हणायच्या आणि आमचं ऐकून ‘काहून वं’ अशी नक्कल करायच्या. वर्षभरात मी ‘मला’ शिकले. घरी आलं की ‘मले’, उंबऱ्याबाहेर ‘मला’. एकदा घरात चुकून ‘मला पाणी दे’ म्हटलं तर माय माझ्याकडे पाहुणी बघावी तशी बघायला लागली. आज मी हे सगळं ‘मला’मध्येच लिहिते आहे. सखूकाकू असती तर म्हणाली असती, कोण ही बाई?

दहावीच्या वर्गात आम्हाला इंग्रजीला जोसेफबाई आल्या. नागपूरच्याच मराठी ख्रिस्ती. पांढरं पातळ, हातात एक लहानशी डबी, तिच्यात लवंगा. त्या आवाज न चढवता शिकवायच्या. त्यांनी एकदा ‘माझे वडील’ असा निबंध लिहायला दिला. मी लिहिलं, माय फादर वॉज वीव्हर. त्यांनी लाल शाईने मध्ये एक बारीक ‘अ’ घातला आणि मला जवळ बोलावून समजावलं. माणसाचा धंदा सांगताना आधी ‘अ’ लागतो. ‘अ’ म्हणजे पुष्कळांतला कोणी एक. ‘द’ म्हणजे तोच तो, ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक असलेला.

मी जागेवर जाऊन बसले आणि मनात आलं, उमरेडात बाबाच्या आधी ‘द’ लागायचा. दवाखान्यात आणला त्या दिवशी त्याचा ‘अ’ झाला.

पुढच्या काही दिवसांत बाईंनी सगळी नामं घेतली. गावाच्या नावाआधी काही लागत नाही, नदीच्या नावाआधी ‘द’ लागतो. मोजता येणाऱ्या वस्तूंना एकवचनात ‘अ’ किंवा ॲन. न मोजता येणाऱ्यांना ‘अ’ लागत नाही. सूत, दूध, सोनं, पाणी. मग मनातल्या गोष्टी, त्यांनाही मोजता येत नाही. राग, सुख, आशा. होप, असं त्यांनी फळ्यावर लिहिलं. तो शब्द मला ओळखीचा होता. माझ्या ओळखीचा तो बहुधा पहिला इंग्रजी शब्द.

मग त्या म्हणाल्या, ‘आता नीट ऐका, इथे सगळे फसतात. या नामांना नुसता अ लागत नाही, पण लिटलच्या आधी तो येऊ शकतो, आणि आला की अर्थ बदलतो. देअर इज अ लिटल वॉटर इन द पॉट. मडक्यात थोडं पाणी आहे. तहान भागेल इतकं आहे. आता अ काढा. देअर इज लिटल वॉटर. म्हणजे नाहीच म्हणा. मडकं पालथं घातलं तरी घोट निघायचा नाही.’

त्यांनी फळ्यावर दोन्ही वाक्यं एकाखाली एक लिहिली. मग पाणी पुसून तिथे इतर नामं घालायला सांगितली. मिल्क, टाइम, होप. माझ्या शेजारच्या मुलीने उठून वाचलं, देअर इज लिटल होप. बाईंनी विचारलं, म्हणजे काय? ती म्हणाली, आशा नाही.

‘बरोबर,’ बाई म्हणाल्या. ‘जवळजवळ नाहीच.’

मला त्यानंतरचा तास आठवत नाही. मी ते वाक्य व्हरांड्यात भिंतीला टेकून किती वेळा म्हटलं होतं! बाबा आत मरत होता, आणि मी बाहेर तो मरणार असं म्हणत होते, देवाने ऐकावं म्हणून. आत तो घरी न्या म्हणत होता.

शाळा सुटल्यावर मी जोसेफबाईंना गाठलं आणि विचारलं की डॉक्टर बोलताना ‘अ’ खाऊन टाकतात का. त्यांनी आधी कोण आजारी आहे, असं विचारलं. कोणी नाही म्हटलं. मग त्या म्हणाल्या, रोज इंग्रजीत बोलणारा डॉक्टर अशा ठिकाणी अ विसरणार नाही. त्याला दुसरं म्हणायचं असेल तर तो दुसरंच म्हणेल.

घरी जाताना मला भावाची दया येत होती. खरंच येत होती. बिचारा, मला वाटलं, त्या गडबडीत त्याचा एक ‘अ’ सुटला. आपल्याला समजलं तसं त्याने सांगितलं. त्याला हे कळलं तर तो कोसळेल. न सांगता राहवेना, कारण बाबा मायवर रुसून गेला होता आणि मायला त्याचं कारण कधी समजलं नव्हतं. मी मनात ठरवलं की त्याला हळूच सांगायचं आणि लगेच म्हणायचं, तुझी चूक नाही भाऊ, इथे सगळे फसतात.

तो दुकानातून आला, पाय धुतले, चटईवर बसला. खोलीतल्या पडद्याच्या आतल्या बाजूला मायचा रहाट चालू होता. मी त्याच्यासमोर बसले आणि सांगितलं, जसं बाईंनी शिकवलं होतं तसं. पाण्याचं उदाहरण दिलं. मग डॉक्टरचं वाक्य म्हटलं. मग म्हटलं, ‘भाऊ, तुले तवा समजलं नसन. त्यात तुहा काही दोष नाही. एका अ मुळे असं होते.’

तो आधी नुसता ऐकत होता. ‘समजलं नसन’ म्हटल्यावर त्याचा चेहरा बदलला. त्याने मान वर केली आणि म्हणाला, ‘तू मले आर्टिकल शिकवून राहिली का?’

मी म्हटलं, शिकवत नाही, सांगते.

‘लिटल अन् अ लिटलमधला फरक मले समजत नाही असं वाटलं तुले? आठवीत ठाऊक होतं मले ते. छड्या खाऊन शिकलो मी.’

मला काय ऐकू आलं ते अजून माझ्यापर्यंत पोचलं नव्हतं. ते आधी त्याच्यापर्यंतच पोचलं. त्याच्या मनात असतं तर तिथेच तो शब्द फिरवू शकला असता. गडबड झाली होती, ऐकू आलं नाही, विसरलो, काहीही म्हणू शकला असता. मी विश्वास ठेवला असता. पण तसं म्हणायचं तर त्याला एक ‘अ’ कळला नाही हे कबूल करावं लागलं असतं.

मग त्याने सांगितलं, चटईच्या काडीशी चाळा करत, माझ्याकडे न बघता. डॉक्टरने दुसऱ्या दिवशी त्याला एकट्याला बोलावून हिंदीतही सांगितलं होतं. घरी घेऊन जा, तिथे निदान आपल्या माणसांत जाईल, असं. त्याने विचार केला. उमरेडला नेलं असतं तर बाबा तिथे गेला असता, तेराव्याला समाजाची माणसं जमली असती, आणि बापाच्या मागे माग कोण चालवणार हा प्रश्न सगळ्यांसमोर निघाला असता. थोरला लेक म्हणून त्याला मागावर बसवलं असतं. मायने पदर पसरला असता आणि त्याला नाही म्हणता आलं नसतं.

‘मी मागाच्या त्या खड्ड्यात पाय सोडून बसलो नसतो,’ तो म्हणाला. ‘मेलो असतो मी तिथं. बाबा तर तसाही जाणारच होता.’

आतला रहाट कधी थांबला ते मला कळलं नव्हतं. तो थांबलेला आहे एवढं तेव्हा लक्षात आलं.

माय बाहेर आली नाही. थोड्या वेळाने तिने भावाचं ताट वाढलं, नेहमीसारखं, आणि पुढ्यात आणून ठेवलं. तो जेवला. मी जेवले नाही, आणि कोणी मला जेव म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी सार्वजनिक नळावर पाण्याला गेलो. रांग होती. माय पाण्याची गुंड खाली ठेवून उभी राहिली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘काहून विचारलं वं तू त्याले?’

मी म्हटलं, खरं काय ते समजायला नको का?

‘मले येडा लेक चालला असता,’ ती म्हणाली. ‘येडा लेक होता मले कालपर्यंत. आता मी कोणाच्या घरी राहू?’

रांग पुढे सरकली. तिने गुंड उचलून पुढे ठेवली.

ती भावाच्याच घरी राहिली. दुसरं कुठे राहणार? लेकाचं घर सोडून बाई लेकीकडे राहत नाही, आणि लेकीला तेव्हा घरच नव्हतं. ती त्याच्या बायकोची बाळंतपणं करत होती, त्याच्या पोरांना अंगाखांद्यावर घेत होती. त्याच्याशी बोलायची ती कामापुरतं. मी मॅट्रिक झाले, मास्तरणीचं शिक्षण घेतलं आणि अमरावती रस्त्यावर वाडीला एका शाळेत लागले. तिथेच एक खोली भाड्याने घेतली. समोरून ट्रक जायचे, धूळ उडायची, सकाळी पुसलेली खिडकी दुपारी पिवळी व्हायची. लग्नासाठी भावाने दोनदा स्थळं आणली. त्याने आणलेली म्हणून मी दोन्ही नाकारली. भाऊबीजेला मात्र जात राहिले. पाटावर बसवून त्याला ओवाळायची, माय भिंतीशी बसून बघायची. तो ओवाळणी टाकायचा. शेजारपाजारचे म्हणायचे, काय भावाबहिणींचं प्रेम आहे.

त्याची मोठी मुलगी शाळेत जाऊ लागली तेव्हा तो एकदा म्हणाला की हिला इंग्रजी तूच शिकव, आर्टिकल तुझ्यासारखं कोणी शिकवत नाही. त्याला त्यात काही खटकलं नाही. मी शिकवलं. लेकरू हुशार होतं.

मग माय आजारी पडली. गळ्यात गाठ आली, घास उतरेना. भावाने दवाखान्यात न्यायचं ठरवलं, तो कपडे करून तयार झाला. मायने त्याला थांबवलं आणि मला वाडीहून बोलावून घेतलं. त्याच्या देखत मला म्हणाली, ‘तूच चाल माह्यासंग. डॉक्टर म्हणन ते जसंच्या तसं सांगजो.’ भाऊ दारात उभा राहिला. त्यानेच आमच्यासाठी टांग्याला हाक मारली.

या वेळचा डॉक्टर आपल्याकडचाच होता, वर्ध्याचा. तो मराठीत बोलला, त्यात एकही इंग्रजी शब्द नव्हता. मला वाटलं होतं मराठीत ऐकायला सोपं जाईल. बाहेर आले तर माय पायरीवर बसली होती. बाबाच्या खाटेशी त्या दिवशी भावाचं काय झालं असेल ते मला इतक्या वर्षांनी पहिल्यांदा कळलं, एक शब्द बदलला की समोरचा चेहरा कसा उजळेल तेही. पण त्यामुळे त्याच्यावरचा राग कमी झाला नाही. उलट वाढला. मलाही ते जमत होतं, आणि मी ते केलं नाही.

मी म्हटलं, ‘माय, बरं होणार नाही म्हणते. दोन-तीन महिने म्हणते.’

ती पदराने तोंड पुसून उठली. ‘चाल मग.’

‘कुठं? भाऊकडे?’

‘तुह्या खोलीवर.’

ती वारली तीही तिथेच, त्या ट्रकांच्या आवाजात, त्या पिवळ्या खिडकीशी. भाऊ रोज संध्याकाळी यायचा, सायकल भिंतीला लावून पायरीवर बसायचा. आत ये असं तिने त्याला म्हटलं नाही. मीही म्हटलं नाही.

तेराव्याला उमरेडहून माणसं आली. तुमच्यातलीच काही. भाऊ त्यांना सांगत होता की इलाजात कसूर केली नाही, डॉक्टरलाही शेवटपर्यंत आशा होती. मी पत्रावळी मांडत होते. हातातल्या पत्रावळी खाली ठेवून मी सगळ्यांसमोर म्हटलं, ‘आशा नव्हती. मायले माहीत होतं. मी सांगितलं होतं तिले.’ एक म्हातारी म्हणाली, मरणाऱ्या माणसाला असं सांगते का कोणी? दगड आहे ही पोरगी. बाकीच्यांनी माना हलवल्या. भावाने काहीच म्हटलं नाही. जाताना कोणी माझ्याकडे पाणी मागितलं नाही. वाडीच्या खोलीवर उमरेडचं माणूस त्यानंतर आलं नाही. शहराची हवा लागली असं तुम्ही म्हणता ते बहुतेक त्या दिवसापासून.

उमरेडचं घर आता दुसऱ्यांचं आहे, इतवारीची खोली भावाची होती. वाडीची खोली मी पुढे विकत घेतली आणि तीत राहते. मला कोणी विचारलं की तुझं घर कोणतं, तर मी हीच सांगते, कारण माझी माय इथे आली तेव्हा सगळं ठाऊक असून आली होती. घर म्हणजे काय ते मला एवढंच समजलं आहे. आणि खरं सांगते, नुसतं खरं ठाऊक असणं घराला पुरत नाही.